श्वान पथकाचा उष्णता-पट्टा: प्रकल्प नोंदी, फेब्रुवारी ते जून

८ फेब्रुवारी

काम असं ठरलं: विदर्भातल्या उन्हाळ्यात शोधकाम करणाऱ्या कुत्र्यांच्या अंगावर बसेल असा पट्टा करायचा आणि त्याने हस्तकाला, म्हणजे कुत्रं हाताळणाऱ्याला, वेळेत सांगायचं की आता थांबवा. कुत्री चार आहेत. दोन लॅब्रेडोर, एक मॅलिन्वा, एक डोबरमन. सगळ्यांत हलकं कुत्रं २४ किलोचं. पट्ट्यासकट सगळं ओझं अंगाच्या वजनाच्या एक टक्क्यात बसवायचं म्हणजे हातात २४० ग्रॅम. त्यातले दीडशे नुसता हार्नेसच खातो. सर्किट, बॅटरी, डबी आणि वायर यांना उरले ९०.

आकडे आधी एका जागी लिहून ठेवू. निरोगी कुत्र्याचं विश्रांतीतलं गुदमार्गाचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. कामाला लागलं की चाळिशी सहज ओलांडली जाते. चेंडूमागे धावणारा धडधाकट लॅब्रेडोर दहा मिनिटांत ४१ च्या पुढे जाऊनही शेपटी हलवत परत येतो, तर दुसरा एखादा त्याच ४१ ला लडखडतो आणि ओकतो. म्हणून ‘अमुक अंशाला लाल दिवा’ हा हिशेब आराखड्यातून पहिल्याच दिवशी बाद केला. उष्माघात ओळखायचा तो तापमान आणि मेंदूची लक्षणं एकत्र बघून: तोल जाणं, हाकेला न बघणं, झटके.

लॅब्रेडोरच्या बाबतीत एक वेगळी भानगड असते. डीएनएम१ या जनुकातल्या दोषामुळे काही लॅब्रेडोर जोरदार व्यायामानंतर मागच्या पायांतून ढासळतात. लांबून ते उष्माघातासारखंच दिसतं आणि त्या वेळी तापमानही चढलेलं असतं. जनुकीय चाचणी एकदाच करावी लागते. दोन्ही लॅब्रेडोरची ती करून घेतल्याशिवाय त्यांची नोंद हिशेबात धरायची नाही.

१६ फेब्रुवारी

भाग नक्की केले. मेंदू म्हणून एनआरएफ५२८४० ही नियंत्रक चिप. त्वचेच्या तापमानाला टीएमपी११७, कारण उणे २० ते ५० अंशांत त्याची अचूकता ०.१ अंशाची आहे. बाजारात सर्रास मिळणारा डीएस१८बी२० अर्ध्या अंशाचा, आणि आपल्याला लागणारा सगळा फरक दोन-तीन अंशांतच घडतो. हवेचं तापमान आणि आर्द्रता एसएचटी४० मोजेल. हालचालीला सहा अक्षांचा एलएसएम६डीएसओ. दूरचा संदेश लोरावर, म्हणजे कमी विजेत लांब पोचणाऱ्या रेडिओ-पद्धतीवर, एसएक्स१२६२ चिप, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ. भारतात हा वारंवारता-पट्टा विनापरवाना वापरता येतो.

ब्लूटूथवर का भागत नाही, असा प्रश्न बैठकीत आलाच. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी खातं, आणि कुत्रं म्हणजे बहुतांशी पाणीच. डबी छातीखाली आणि हस्तक पाठीमागे अशा स्थितीत जोडणी वीस-तीस पावलांवर तुटायला लागते. लोरावर वीस बाइटचा संदेश एसएफ७ या जलद वेगाला पन्नास-साठ मिलिसेकंदांत जातो. दर अर्ध्या मिनिटाला एक संदेश पुरे.

जीपीएस काढून टाकलं. एकटं जीपीएस वीस-पंचवीस मिलिअँपिअर ओढत राहतं, म्हणजे ४०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी चोवीस तासही पुरायची नाही. त्याच्याविना तीच बॅटरी काही दिवस चालते. शिवाय कुत्रं कुठे आहे हे हस्तकाला दिसतंच.

हृदयाच्या ठोक्यांवर पुष्कळ वाद झाला. मनगटी घड्याळातला हिरव्या प्रकाशाचा सेन्सर केसाळ, काळसर कातडीवर चालत नाही. छातीचा विद्युत-पट्टा केस कापून, जेल लावून चालतो, पण कुत्रं दुडकीला लागलं की इलेक्ट्रोड घसरतो आणि आलेख निकामी होतो. त्याहून मोठी अडचण अशी की काम सुरू होण्याआधीच, नुसता हार्नेस हातात दिसला तरी ठोके वाढतात. तो उत्साह असतो, उष्णता नव्हे. ठोके वगळले.

१ मार्च

सेन्सरची जुळवणी. पाच लिटर पाणी थर्माकोलच्या खोक्यात घेतलं, त्यात मत्स्यालयातला छोटा पंप ढवळायला सोडला आणि पाणी ४३ अंशांवरून आपोआप निवू दिलं. संदर्भाला प्रमाणित पीटी१००, म्हणजे प्लॅटिनमचा तापमान-सेन्सर, ठेवला. ४२, ४०, ३८ आणि ३६ ला थांबून फरक टिपले. पंप बंद असेल तर वरच्या आणि खालच्या पाण्यात अर्ध्या अंशाचा फरक सहज पडतो आणि दोष सेन्सरवर जातो. ताप मोजायचा काचेचा पाऱ्याचा थर्मामीटर इथे बिनकामाचा. तो कमाल आकडा धरून बसतो, पाणी निवलं तरी खाली येत नाही.

सेन्सर लवचिक पट्टीच्या टोकाला आहे आणि मूळ सर्किटपासून ६० मिलिमीटर लांब. सर्किटवरच बसवला तर रेडिओची आणि बॅटरीची ऊब मोजली जाते. वर सिलिकॉनचं आवरण. सिलिकॉन घेताना वास बघायचा. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक आम्ल सोडतं, तांबं हिरवं पडतं आणि महिन्या-दोन महिन्यांत आकडे भरकटायला लागतात. असं आम्ल न सोडणारं, ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलंच घ्यायचं.

आर्द्रतेच्या सेन्सरवर पाणी अडवणारा आणि वाफ जाऊ देणारा पडदा. तो डबीच्या बाहेरच्या, जमिनीकडच्या बाजूला. आत ठेवला तर तो डबीतलीच हवा मोजत बसेल.

१० मार्च

सेन्सर अंगावर कुठे ठेवायचा यावरच सगळं अवलंबून आहे. गळपट्ट्याखाली ठेवणं सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत निरुपयोगी. तिथे दाट केस, पट्टा फिरतो, कुत्र्याने डबक्यात मान घातली की आकडा पाच अंशांनी पडतो. जांघेत केस कमी आणि रक्तवाहिन्या वर, पण तिथे पट्टा बसवला की कुत्रं बसताना अवघडतं आणि पहिल्या विश्रांतीलाच चावून काढतं. काखेत घर्षण. शेवटी कोपरामागे, छातीच्या खालच्या बाजूला, उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) डावीकडे जागा पक्की केली. तिथले केस कात्रीने नव्हे, क्लिपरने, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत.

पट्ट्याखाली दोन बोटं सैल जायला हवीत. घट्ट केला की आकडा स्थिर येतो आणि मोह होतो, पण छातीचा भाता अडला तर धाप अडते आणि कुत्र्याकडे थंड व्हायचं तेवढंच मोठं साधन आहे. माणसासारखा पातळ घाम गाळणाऱ्या ग्रंथी पंजांच्या गाद्यांतच असतात. त्या घामाने पाऊल ओलं होतं, अंग निवत नाही.

काम संपल्यावर पट्टा लगेच काढायचा आणि कातडी कोरडी करायची. ओल्या सेन्सरखाली अर्धा दिवस गेला तर कातडी लाल होते, कुत्रं चाटतं आणि बघता बघता चिघळलेला चट्टा पडतो.

१९ मार्च

पट्ट्याला ताणाखाली सुटणारं बकल लावलं. साधारण १५ किलोच्या झटक्याला सुटावं अशी जुळणी, स्प्रिंग-काट्याने तपासून. कुत्रं बाभळीच्या जाळीत किंवा पडक्या लोखंडी सळईत अडकलं तर पट्टा सुटला पाहिजे. हरवलेल्या डबीचा खर्च सोसता येतो.

२६ मार्च

स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्याच्या पट्ट्याचा वेगळा नमुना. संशयित वस्तूजवळ कुठलंही रेडिओ-प्रक्षेपण नको हा पथकाचा नियम, आणि तो वाद घालायचा विषय नाही. विद्युत डेटोनेटरच्या वायरी अँटेनासारख्या वागू शकतात. म्हणून रेडिओचा वीजपुरवठाच तोडणारं यांत्रिक बटण दिलं आणि शेजारी खुणेची पांढरी पट्टी. सॉफ्टवेअरमधून रेडिओ ‘बंद’ करण्यावर कोणी विश्वास ठेवू नये. प्रोग्रॅम अडकून पुन्हा सुरू झाला की तो मूळ स्थितीला येतो आणि मूळ स्थिती ‘चालू’ असते.

या नमुन्यात संदेश नाही, फक्त साठवण. मग वेळेत इशारा कसा मिळणार? नाही मिळणार. स्फोटक-शोधात कामाची पाळीच आधी ठरवून द्यायची आणि पट्ट्याने नंतरच्या विसाव्याची नोंद ठेवायची. पुढच्या नोंदींत दिसेल की तेही कमी नाही.

दोन पट्ट्यांची घड्याळं जुळवायला सोपी युक्ती: सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही डब्या एकमेकींवर तीनदा ठोकायच्या. हालचालीच्या आलेखात तीन टोकं उमटतात. २० पीपीएमचं, म्हणजे दशलक्षात वीस भाग चुकणारं, घड्याळाचं स्फटिक दिवसाला पावणेदोन सेकंद सरकतं, तेवढं मग दुरुस्त करता येतं.

४ एप्रिल

धाप मोजणं. विश्रांतीत कुत्र्याचा श्वास मिनिटाला १० ते ३०. धाप लागली की तो हळूहळू वाढत जात नाही, एकदम उडी मारतो आणि ३०० च्या आसपास जाऊन बसतो, म्हणजे सुमारे ५ हर्ट्झ. छातीच्या पिंजऱ्याची स्वतःची लवचिक लय त्याच जवळपास असल्याने इतक्या वेगाला स्नायूंचे कष्ट कमी पडतात. उरोस्थीवरच्या हालचाल-सेन्सरला हे कंपन स्वच्छ दिसतं. ५२ हर्ट्झने नमुने घ्यायचे, ५१२ नमुन्यांचा एक गट, म्हणजे सुमारे दहा सेकंद. त्यातून मिनिटाला सहा श्वासांपर्यंतचा फरक कळतो.

आता अडचण. दुडकीला कुत्र्याचं धड चारही पायांच्या एका पूर्ण फेऱ्यात दोनदा उसळतं, आणि मध्यम बांध्याच्या कुत्र्यात ही उसळी चार-पाच हर्ट्झला येते. म्हणजे नेमकी धापेच्या जागी. हुंगणंही सेकंदाला चार ते सात वेळा. चालतं कुत्रं, हुंगतं कुत्रं आणि धापतं कुत्रं यांचे आलेख एकमेकांवर बसतात. गाळणी कितीही बारीक लावली तरी एकाच वारंवारतेच्या तीन गोष्टी वेगळ्या होत नाहीत. यावर चतुर गणित करण्यात आठवडे घालवता येतात. आम्ही तो मार्ग सोडला. धाप फक्त कुत्रं उभं किंवा बसलेलं असतानाच मोजायची. धडाची एकूण हालचाल ठरावीक मर्यादेखाली सलग दहा सेकंद राहिली तरच तो गट धरायचा.

यातून प्रश्नच बदलला. काम चालू असताना कुत्रं किती तापलं हे पट्टा नीट सांगू शकत नाही. थांबल्यावर ते किती वेळात सावरतं हे मात्र चांगलं सांगतो.

१३ एप्रिल

खऱ्या आतल्या तापमानाशी पडताळा. गिळायची कॅप्सूल, १७.७ मिलिमीटर लांब, ८.९ मिलिमीटर जाड, दर अर्ध्या मिनिटाला एक आकडा. कॅप्सूल देणं हा प्राण्यावरचा प्रयोग ठरतो, तेव्हा नोंदणीकृत संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची लेखी परवानगी आणि प्रत्येक वेळी पशुवैद्यक हजर. ज्याच्या आतड्याची शस्त्रक्रिया झाली आहे किंवा अडथळ्याचा इतिहास आहे त्याला द्यायची नाही. ती बाहेर पडल्याची खात्री विष्ठा बघूनच, आणि तोवर एमआरआय बंद.

कॅप्सूल रात्रीच्या जेवणात, म्हणजे सकाळपर्यंत ती जठरातून पुढे सरकते. ऐन वेळी दिली तर कुत्रं माठातलं पाणी प्यायलं की आकडा धाडकन दोन-तीन अंश पडतो आणि बघणाऱ्याला वाटतं कुत्रं थंड झालं.

२१ एप्रिल

सकाळी सात आणि अकरा अशी दोन सत्रं, मोकळ्या मैदानावर लपवलेल्या वासांचा शोध. दोन गोष्टी ठळक.

एक, त्वचेचा आकडा आणि कॅप्सूलचा आकडा यांचं नातं टिकत नाही. सावलीत, कोरड्या अंगाने दोघे बऱ्यापैकी सोबत चढतात, त्वचा काही मिनिटं मागून. कुत्रं ओल्या मातीवर पोट टेकून बसलं की त्वचेचा आकडा कोसळतो आणि आत काहीच बदललेलं नसतं. उन्हात काळ्या डोबरमनचा पट्टा स्वतःच तापतो आणि त्वचेचा आकडा आतल्यापेक्षा वर जातो. तेव्हा ‘त्वचेच्या आकड्यात दोन अंश मिळवा’ असलं कुठलंही सूत्र वापरायचं नाही. पडद्यावर त्वचेचं तापमान दाखवणंसुद्धा बंद केलं. आकडा दिसला की माणूस त्यावर भिस्त ठेवतो.

दोन, काम थांबल्यावर आतलं तापमान लगेच उतरत नाही. पाच-दहा मिनिटं ते चढत राहतं, कधी त्याहून जास्त. स्नायूंत साठलेली उष्णता रक्ताबरोबर आत येत असते. काम थांबवून कुत्रं थेट गाडीच्या पिंजऱ्यात टाकणं हा म्हणूनच सगळ्यांत वाईट क्षण. चढता आलेख आणि बंद हवा एकाच वेळी.

२ मे

मोजमापाला एक नाव दिलं: मिटकाळ. काम थांबवून सावलीत उभं केल्यापासून कुत्र्याने सलग पंधरा सेकंद तोंड मिटून श्वास घेईपर्यंतचा वेळ. पाणी पिताना आणि काहीतरी हुंगताना तोंड मिटतंच, म्हणून हे दोनदा व्हायला हवं. पट्टा ते कंपनावरून ओळखतो आणि हस्तक घड्याळ लावून डोळ्यांनीही बघू शकतो. पट्टा बिघडला तरी पद्धत उरते, हा यातला मोठा फायदा.

प्रत्येक कुत्र्याचा मिटकाळ वेगळा. मॅलिन्वाचा लहान, जाड लॅब्रेडोरचा मोठा. म्हणून तुलना त्याच्या त्याच्याशीच, पहाटेच्या सत्रातल्या आकड्याशी. दिवसातल्या दुसऱ्या सत्रानंतर मिटकाळ पहिल्याच्या दीडपट झाला तर तिसरं सत्र नाही. दुप्पट झाला तर त्या दिवशी काम बंद आणि पशुवैद्यकाला फोन. हे गुणक आमच्या चार कुत्र्यांवर बेतलेले आहेत, दुसऱ्या पथकाने आपले स्वतः काढावेत.

हस्तकांना हे लगेच पटलं. त्यांचं म्हणणं, हे तर आम्ही बघतोच, जीभ किती रुंद झाली, टोक कसं वर वळलं, डोळे बारीक झाले का, लाळ तारेसारखी चिकट झाली का. बरोबर आहे. पट्ट्याने त्या नजरेला वेळेचा आकडा दिला. फरक एवढाच की चेंडूचं वेड असलेलं कुत्रं थकवा लपवतं आणि वरिष्ठ उभे असताना हस्तकालाही ‘थांबवा’ म्हणायला जड जातं. हस्तकाच्या मनगटावरचा इशारा-पट्टा थरथरला की ते सांगणं सोपं होतं.

११ मे

दुपारी अडीच. हवामानखात्याचा आकडा साधारण सव्वा मीटर उंचीवरच्या, सावलीतल्या पेटीतला. कुत्र्याचं पोट जमिनीपासून चाळीस सेंटिमीटरवर. डांबरावर ६० च्या वर. पंजे टेकवण्याआधी हाताची मागची बाजू सात सेकंद जमिनीवर धरून बघायची. धरवत नसेल तर कुत्र्यालाही चालवायचं नाही.

पथकाच्या आवारातल्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीतलं पाणी दुपारी ४३ अंश. कुत्र्याच्या अंगापेक्षा गरम! नळाला पाइप लावून कुत्र्यावर मारणारा माणूस चांगल्या हेतूने त्याला आणखी तापवतो. पाणी मारण्याआधी पाइपमधलं साठलेलं पाणी सोडून द्यायचं, टाकीला गोणपाट आणि छप्पर करायचं, आणि थंड पाण्याचा वेगळा साठा ठेवायचा. कोरड्या उन्हात माठाचं पाणी पंचविशीत राहतं, तेवढं पुरतं.

थंड पाण्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि कुत्रं आतून तापतं, ही समजूत अजूनही पक्की आहे. ती सोडावी. खऱ्या उष्माघातात आधी थंड करायचं, मग दवाखान्याला न्यायचं. तरुण, निरोगी कुत्र्याला थंड पाण्यात बसवायचं. म्हातारं किंवा आजारी असेल तर पाणी आणि पंख्याचा वारा. पाणी केसांवरून ओघळून चालत नाही, बोटांनी कातडीपर्यंत पोचवायचं. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवायचा नाही, दोन मिनिटांत तो गरम होतो आणि वाफ अडवतो. गुदमार्गाचं तापमान ३९.५ च्या आसपास आलं की थंड करणं थांबवायचं, नाहीतर ते घसरत खाली जातं.

१२ मे

डोकं बुडवण्याचा सराव. घमेल्यात दहा-बारा सेंटिमीटर पाणी, तळाशी बिस्किटाचा तुकडा किंवा त्याचं खेळणं. कुत्रं आपण होऊन तोंड, नाक आणि कपाळापर्यंत डोकं बुडवतं, तुकडा काढतं, झटकून पाणी उडवतं, पुन्हा बुडवतं. कामानंतर लगेच हे केलं तर थांबल्यानंतरचा तो चढ बराच आटोक्यात राहतो. काखेत ओला स्पंज किंवा मानेभोवती बर्फाची पिशवी यांपेक्षा हे सरस.

दोन अटी. हे शिकवणं थंडीतच, फेब्रुवारीपर्यंत उरकायचं. मे महिन्यात तापलेल्या कुत्र्याला पहिल्यांदा घमेलं दाखवलं तर ते बावचळतं. आणि भान हरपत चाललेल्या किंवा श्वासाला झगडणाऱ्या कुत्र्याचं डोकं कधीही बुडवायचं नाही, पाणी फुप्फुसात जातं. डोकं धरून दाबणं तर कधीच नाही.

लॅब्रेडोरांना मजा वाटते. डोबरमन फक्त पंजा बुडवतो आणि आपल्याकडे बघतो.

२४ मे

गाडीसाठी वेगळी डबी. तोच एसएचटी४०, तोच लोरा, पण पिंजऱ्याच्या आत, कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर. वातानुकूलन यंत्राच्या झोताखाली ठेवली तर ती थंडच दाखवते. इशारा ३० अंशांना, कारण उभ्या गाडीत पुढचे अंश मिनिटांत चढतात. या डबीला लिथियम-पॉलिमर बॅटरी चालत नाही. ४५ अंशांवर ती चार्ज करायची नसते आणि बंद गाडीच्या काचेमागे तापमान त्याच्या बरंच पुढे जातं. तीन साध्या एए सेल घातल्या.

अंगावरच्या पट्ट्याचंही चार्जिंग म्हणून संध्याकाळी, खोलीत. चार्जिंगच्या सर्किटला उष्णता ओळखून चार्जिंग थांबवणारा थर्मिस्टर आहे. दुपारी गाडीत लावलेली डबी ‘चार्ज होत नाही’ म्हणून परत आली तर आधी हे तपासायचं.

१० जून

आभाळ भरून यायला लागलं. पारा उतरला म्हणून सगळे सुटकेचा श्वास सोडतात, आणि नेमकी हीच वेळ धोक्याची. गणित करून ठेवलं.

मे महिन्यातली दुपार: ४४ अंश, आर्द्रता १५ टक्के. ओल्या फडक्याचं, म्हणजे आर्द्र-गोलक तापमान सुमारे २३. जूनची भरलेली संध्याकाळ: ३३ अंश, आर्द्रता ७५ टक्के. आर्द्र-गोलक २९. कुत्र्याच्या ओल्या जिभेवर साधारण ३८.५ अंशांना बाष्पदाब ६.८ किलोपास्कल. हवेतला मेमध्ये १.४, जूनमध्ये ३.८. म्हणजे वाफ बाहेर ढकलणारा फरक मेमध्ये ५.४ आणि जूनमध्ये ३.०. प्रत्येक श्वासामागे कुत्रं जितकी उष्णता वाफेने टाकू शकत होतं तिचं जवळपास निम्मं साधन गेलं.

अर्थात मेमध्ये हवाच अंगापेक्षा गरम, शिवाय ऊन, तेव्हा मे सोपा असं कोणी म्हणू नये. पण सावलीत विसावा देण्याचा उपाय मेमध्ये जितका लागू पडतो तितका जूनमध्ये पडत नाही. केनेलमधला वाळ्याचा कूलरही तसाच. कोरड्या हवेत तो खोली पार निववतो, पाऊस जवळ आला की नुसती दमट हवा फिरवतो. जूनपासून कूलरचं पाणी बंद, फक्त पंखा आणि सगळ्या खिडक्या उघड्या.

मैदानी उष्णता मोजायला सर्रास वापरला जाणारा डब्ल्यूबीजीटी हा निर्देशांक माणसांसाठी, घाम गाळणाऱ्या शरीरासाठी बेतलेला. त्यात आर्द्र-गोलकाचा वाटा ०.७, ऊन मोजणाऱ्या काळ्या गोलकाचा ०.२, हवेचा ०.१. कडक उन्हात तो मे महिना जूनच्या वर दाखवतो. पट्ट्यात आम्ही त्याऐवजी सरळ बाष्पदाबाचा फरक घातला. तो चार किलोपास्कलच्या खाली गेला की सत्राची लांबी आपोआप कमी सुचवली जाते, पारा काहीही असो.

१९ जून

पावसाच्या दोन सरींनंतरची सत्रं. अपेक्षेप्रमाणे मिटकाळ लांबले, पारा मेपेक्षा दहा अंशांनी खाली असूनही. मॅलिन्वाचा सकाळचा आकडा टिकला, जाड लॅब्रेडोरचा दुसऱ्या सत्रानंतर दीडपटीच्या वर गेला आणि तिसरं सत्र रद्द झालं. धापणारं कुत्रं तोंडाने श्वास घेत असल्याने हुंगतही कमी, म्हणजे ते सत्र झालं असतं तरी शोध कच्चाच राहिला असता. वरिष्ठांना काम थांबवण्याचं कारण द्यायचं तर तब्येतीपेक्षा हे कारण लवकर पटतं, असा हस्तकांचा अनुभव.

ओल्या केसांमुळे आणखी एक: पावसात भिजलेल्या कुत्र्याने अंग झटकलं की चार-पाच हर्ट्झचीच झटकन लहर येते आणि ती धाप म्हणून मोजली जाते. झटकणं दोन-तीन सेकंदांत संपतं आणि त्याची उंची धापेच्या कितीतरी पट असते. उंचीची वरची मर्यादा घातली, प्रश्न मिटला.

२७ जून

आर्द्रता-सेन्सरवरचा पडदा चिखलाने बुजतो आणि आकडा ९५ टक्क्यांना चिकटून बसतो. ओळखण्याची खूण अशी की पट्ट्याची आणि गाडीतल्या डबीची आर्द्रता, दोन्ही एकाच खोलीत ठेवूनही, दहा टक्क्यांहून वेगळी दिसते. पडदा ब्रशने घासायचा नाही, साध्या पाण्याच्या धारेने धुऊन पंख्याखाली वाळवायचा. दर आठवड्याला हस्तकाच्या तपासणी-पत्रकात ही ओळ घातली.

सुटणाऱ्या बकलांतली एक स्प्रिंग गंजून घट्ट झाली, २२ किलोपर्यंत सुटेना. स्टेनलेस स्प्रिंगच्या बारा बकलांची मागणी दिली. ती येईपर्यंत झाडी-झुडपातल्या शोधाला पट्टा घालायचा नाही, मिटकाळ हस्तकाने घड्याळ लावूनच नोंदवायचा.